मोहाखालचा घरचा फोन

आमच्या घरी फोन आला तो बिनतारी. दिसायला ऑफिसातल्या टेबलावरचा असतो तसा ऐसपैस, रिसीव्हर, बटणं, वर अँटेना; तार मात्र कुठेच नाही. पोशेऱ्याच्या आमच्या पाड्यावर तो घरात ठेवला की मुका. म्हणे घरचा फोन! वरच्या माळावर मोहाच्या झाडाखाली नेला की पडद्यावर रेंजची एखादी काडी उगवायची. घरचा म्हणावा तर घरात बोलेना, मोबाइल म्हणावा तर खिशात मावेना. मग शाळेत शिकवून आले की मी त्याला टोपलीत घालून माळावर न्यायची. नागलीच्या शेतांवर निळसर धूर उतरलेला असायचा. त्या धुरातून लांबलांबच्या माणसांचे आवाज येऊन आपल्या टोपलीत पडतात, हे मला शिक्षिका असूनही खरं वाटत नसे.

आईचं नि माझं वाजायचं ते दिवेलागणीला. त्या वेळी घरातली वस्तू बाहेर राहिली की लक्ष्मी जाते, असं तिचं म्हणणं. सूप असो, कोयता असो, नाहीतर फोन.

"आण तो घरात!" ती खालून ओरडायची.

"अगं, घरात तो मेलेला असतो!" मी वरून.

शेवटी हरायची मीच.

त्या वर्षी थोरल्या बहिणीला पहिल्या बाळंतपणासाठी तिच्या सासरहून, दाभोशाहून, जव्हारच्या दवाखान्यात नेलं. रविवार होता, म्हणून मी दुपारीच माळावर होते. दाजींचा फोन आला. मूल आडवं आहे, बहिणीच्या अंगात रक्त नाही, ऑपरेशन करतायत, संध्याकाळी कळवतो. पाड्यावरून जाणारी शेवटची जीप केव्हाच गेली होती. मी खाली धावत जाऊन आईला सांगितलं आणि परत येऊन फोनपाशी बसले.

ऊन उतरलं, तरी फोन वाजेना. जीव नुसता टांगणीला. खाली आई घरात शिरताना दिसली. आता हाक येणार! आज काही झालं तरी ऐकायचं नाही, असं ठरवून मी दातओठ खात बसले.

हाक आलीच नाही. घरातून एक उजेड निघाला आणि धुरातून तरंगत चढणीला लागला. जवळ आला तेव्हा दिसलं, आई होती. पदराआड देवापुढचा दिवा धरलेला. तिने तो फोनशेजारी, मोहाच्या मुळाशी ठेवला.

"बघतेस काय? वाऱ्याला आडोसा धर," ती खेकसली. मला रडूच फुटलं.

अंधारून येता येता फोन वाजला. आम्ही दोघींनी एकच रिसीव्हर दोघींच्या कानांच्या मधोमध धरला. "मुलगी झाली!" दाजी बोलता बोलता हुंदके देत होते. मग त्यांनी मोबाइल बहिणीच्या तोंडाशी धरला असावा.

"आये," ती कशीबशी म्हणाली, "दिवे लागले असतील ना? फोन बाहेरच?"

आईने डोळे पुसले.

"बाहेर कुठं, बाय? घरातच हाय."