समोरचं आणि नजरेआडचं

दूध वर यायला आणि दार वाजायला एकच गाठ पडली. गॅस बंद करून दार उघडलं, तर वरच्या मजल्यावरचे कुलूपवाले भाऊ. हातांना कायम तेलाचा वास, आवाज मात्र अलीकडे अगदी बसलेला.

"दुपारी घशाचं ऑपरेशन. मग महिनाभर तोंड बंद," ते म्हणाले.

"बायको सुटली म्हणायची!" आतून आमचे हे ओरडले. भाऊ हसता हसता खोकले.

माझ्याकडे त्यांचं काम वेगळंच होतं. लहानपणी त्यांनी आणि त्यांच्या ताईने वडिलांच्या दुकानामागे बसून एक भाषा बनवली होती, वडिलांना कळू नये म्हणून. अजूनही दोघं रोज सकाळी फोनवर तीच बोलतात. ताईला आता दिसत नाही. तिच्या सुनेला वाटतं, सासूबाई भ्रमिष्ट झाल्या.

"सुनेलाच कळवा ना ऑपरेशनचं."

"नको. आम्ही साध्या मराठीत बोलतो ते फक्त कुणी गेलं की. वडील गेले तेव्हा, मेहुणे गेले तेव्हा. सुनेनं नुसतं माझं नाव काढलं तरी ताई हाय खाईल."

"मग तुमच्याच भाषेत सांगायचं."

"ऑपरेशनला शब्दच नाही हो. पोरांनी केलेली भाषा. खालच्या वहिनी बोलतील, एवढं मघाशी ताईला सांगितलंय."

मग शिकवणी सुरू झाली. कर्म सगळ्यात आधी. वस्तू समोर असेल तर तिला 'रे' जोडायचा, नजरेआड असेल तर 'नू'. मागून क्रियापद, ते कधीच बदलत नाही. कुमी म्हणजे चहा, दाव म्हणजे पिणं.

माझा चहा समोरच होता. मी ठसक्यात म्हटलं, "कुमीला दाव."

"हा 'ला' कुठनं आणलात?"

"सवय हो. कुमीनू दाव."

भाऊंनी माझा कप उचलून पिठाच्या डब्यामागे ठेवला. "आता बरोबर."

"आणि ताईंना दिसत नाही, त्या काय करतात?"

"हाताला लागलं की 'रे'. तिच्यासाठी बदलला नियम."

कप परत घेऊन मी चारपाच वाक्यं घोटली. भाऊंचा आवाज पार बसला होता. उठताना त्यांनी ताईचा नंबर फ्रिजवरच्या पाटीवर लिहिला.

"वहिनी, महिनाभर रोज सकाळी माझ्याऐवजी तुम्ही ताईशी बोला."