डाव्या काखेतला टाका

स्कार्विकच्या कोळ्यांत प्रत्येक घराची स्वेटरची वीण वेगळी. समुद्राने माणसाचा चेहरा खाल्ला, तरी विणीवरून त्याचं घर सापडावं म्हणून. टॅमर आपल्या नवऱ्याच्या, रूबेनच्या, प्रत्येक स्वेटरात डाव्या काखेत एक टाका मुद्दाम उलटा घाली. बिनचूक वस्तूवर समुद्राची नजर जाते, असं तिची आई म्हणे. हे टॅमरने कुणालाच सांगितलं नव्हतं.

एकतीस वर्षांपूर्वी रूबेनची होडी परतली नाही. नवव्या दिवशी वाळूवर प्रेत लागलं. नणंद केझाया सगळ्यांच्या आधी तिथे पोचलेली. "जवळ येऊ नकोस, चेहरा राहिला नाही," ती म्हणाली. "वीण आपलीच आहे." टॅमरने लांबूनच वीण पाहिली आणि ओळखली. प्रेताला धुतलं, नेसवलं, सगळं केझायानेच.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला जिन्यावर ओले बूट वाजत. टॅमर भ्यायली नाही. चुलीपाशी दुसरा कप मांडू लागली. शेजारणी चिडवत, "काय गं, तुझं भूत चहात साखर किती घेतं?"

"जिवंतपणी घ्यायचा तेवढीच. दोन चमचे."

मागणी दोनदा आली. दोनदा तिने नाही म्हटलं.

यंदा केझायाने अंथरूण धरलं. तिला घोंगडी हवी म्हणून टॅमरने तिची पेटी उघडली, तर तळाशी प्रेताच्या अंगावरून काढलेलं ते स्वेटर. नजर अधू झालेली, पण बोटं आपसूक डाव्या काखेत गेली. टाके सगळे सुलटे. तिने तीनदा चाचपलं.

"केझाया, हे मी विणलेलं नाही."

केझायाने भिंतीकडे तोंड फिरवलं. "मी विणलं होतं. त्याच्या वाढदिवसाला." मग म्हणाली, "दुसरीबरोबर गेला तो, दक्षिणेला. म्हणाला, मी मेलो म्हणून सांग. प्रेत आयतंच आलं गं, कुणी यायच्या आत त्याला हे चढवलं. तुझीही लाज राहिली."

"माझी लाज!" टॅमरचा आवाज चढला नाही. "आणि त्या माणसाच्या अंगात कुणाची वीण होती?"

"शिडीची नक्षी होती. आपल्याकडची नव्हे. चुलीत घातलं मी ते."

टॅमर घरी आली. दिवेलागणीला ओले बूट जिना चढू लागले. तिने कप मांडला, चहा ओतला, साखरेचा चमचा उचलला आणि हात थांबला. या माणसाला साखर किती लागते, ते तिला ठाऊक नव्हतं.