कापलेली तार

यंत्र तयार झालं की ताई ते नुसतं चालू करत नसत. व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या डिमरस्टॅटची मूठ दुधाखालचा स्टोव्ह मंद करावा तशी हलकेच फिरवायच्या आणि म्हणायच्या, "झटक्यात तं कोनीबी उठते भाऊ. हळू उठवून पाहा, मंग समजते."

तुम्ही तिथं असता तर आमच्यासारखेच हसला असता. ऐंशीच्या दशकात नागपूरच्या आमच्या लहानशा कारखान्यात नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या बनत. पेटीचा हीटर एक मायक्रोकंट्रोलर सांभाळायचा. आम्ही त्याला नुसतं चिप म्हणायचो. वीज आली की चिपनं पहिल्या पायरीपासून काम सुरू करावं, यासाठी रीसेटची सोय तिच्या पोटातच होती. मी म्हणायचो, तेवढी पुरे. नंदनवन वस्तीतून सायकलनं येणाऱ्या आमच्या या डिझायनर ताई ऐकायच्या नाहीत.

"वीज पुरी गेली न पुरी आली, तं पोटातलं पुरते. अर्धीच गेली तं? चिप ना झोपेत, ना जागी. हीटर चालूच राहून गेला म्हंजे?"

म्हणून त्यांनी बाहेरून वेगळं रीसेट सर्किट लावलं. व्होल्टेज घसरलं की ते चिपला गप्प धरून ठेवी, हीटर बंद करी आणि सगळं नव्यानं सुरू करी. प्रत्येक वेळी पेटीचा बझर ओरडायचा. नागपूरकडच्या उन्हाळ्यात व्होल्टेज किती वेळा घसरतं, हे मी तुम्हाला काय सांगू! 'भित्री पेटी' असं नाव पडलं. काटोल आणि कुहीच्या दवाखान्यांतून तक्रारी आल्या. दुरुस्तीचं काम माझं. मी गेलो आणि दोन्हीकडे त्या सर्किटची तार कापून आलो.

"तक्रारी काहून बंद झाल्या भाऊ?"

"थोडं सेटिंग केलं."

"शाब्बास! मले तं जमलंच नसतं."

मग एका दुपारी काटोलला संत्र्यांच्या बागांतले पंप सुरू झाले. व्होल्टेज घसरलं, पुन्हा चढलं. चिप अडकली आणि हीटर तापतच राहिला. बाळ लालबुंद झालेलं पाहून नर्सबाईंनी प्लग ओढला. निरोप आला तसे आम्ही दोघं एसटीत बसलो. ताई वाटभर एकच विचारत होत्या, "लेकरू बरं असंन न भाऊ?" मी तिकिटं पुन्हा पुन्हा दुमडत होतो.

बाळ सुखरूप होतं, आईच्या कुशीत दूध पीत होतं. ताई तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या. थोड्या वेळानं उठून त्यांनी पेटीचं झाकण उघडलं. तारेची टोकं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. तार पुन्हा जोडली.

परतीच्या गाडीत त्यांनी एवढंच विचारलं, "कुहीचीबी कापली काय?"

"नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंचं सर्किट फसलं." ताई माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मी टेबलावरचे स्क्रू एका डबीतून दुसऱ्या डबीत टाकत होतो. त्याच आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली. आमच्या धंद्यातली म्हातारी माणसं अजून सांगतात, एका बाईच्या सर्किटापायी बाळ भाजणार होतं, थोडक्यात वाचलं. ते खोटं आहे. त्या दुपारी त्यांचं सर्किट जोडलेलंच नव्हतं.

त्या गेल्यावर घरातला दिवा जरा मंद झाला तरी मला कुहीची पेटी आठवे. शेवटी काहीतरी निमित्त काढून कुही गाठली. पेटीत एक इवलंसं बाळ मूठ वळून झोपलं होतं. मागचं झाकण उघडलं, तर तार जोडलेली. जोडावर नवी पिवळी प्लास्टिकची नळीही चढवलेली.

"त्या ताई येऊन गेल्या न परवाच," नर्सबाई म्हणाल्या. "उन्हात बसस्टँडपासून पायी आल्या बिचाऱ्या. चहाबी नाही घेतला. कारखान्यातल्या भाऊनं पाठवलं म्हने. तुमीच काय ते भाऊ?"

"हो," मी म्हणालो.