डाव्या बाजूचा आणा

मी मेहकरच्या कचेरीत महसूल कारकून होतो आणि घर बीबी गावात; तिथे शनिवारी जायचो. मुंबई राज्याचं महाराष्ट्र होऊन काही वर्षं झाली होती. आणे चलनातून त्याच्याही आधी गेले होते. कागदावर आम्ही पैसेवारी लिहायचो, तोंडाने मात्र सगळे आणेवारीच म्हणायचे. पिकाचा अंदाज सांगायची ती जुनी रीत. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे. सहाच्या खाली गेलं की सारा तहकूब होईल म्हणून गाव आशेला लागायचं. पहिला अंदाज पीक शेतात उभं असतानाच नुसत्या डोळ्यांनी करायचा. त्याला आमच्याकडे नजरअंदाज आणेवारी म्हणतात. शेवटचा आकडा कापणीनंतर. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात जेवढं कमी अंतर, तेवढा माणूस नजरेचा खरा, असं मी मानत आलो.

फुटबॉलच्या संघाची आणेवारी करायची कल्पना मात्र माझी नव्हे. ती आमच्या बाची, म्हणजे वडिलांची.

माझा धाकटा भाऊ मुंबईच्या एका गिरणीच्या संघात खेळत होता. शाळेत कवायत शिकवणारे मास्तर पलटणीतून आलेले होते; त्यांनी त्याच्या पायात चेंडू दिला. पुढे अकोल्याच्या एका सामन्यात गिरणीच्या माणसाने त्याला पाहिलं आणि नेलं. गिरणीत कापडाच्या घड्या करायच्या खात्यात त्याचं नाव होतं, पण पगार खेळण्याचा होता. खेळ आहे तोवर काम आहे, असा तो साधा हिशोब. तो डाव्या बाजूचा बॅक. डावा पाय त्याचा जन्मापासून पुढे.

बाने मुंबई पाहिली नव्हती. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि बाजारच्या दिवशी विकायचा, एवढंच त्याचं जग. पण त्या गिरणीच्या संघाचा त्याच्याएवढा चाहता खुद्द गिरणीतही नसेल. मुंबईत फुटबॉल पावसाळ्यात खेळतात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तो हसून म्हणाला होता, "म्हंजे आमची पेरणी अन् तुमची पेरणी एकाच वक्ती! मंग तुहे आणे काढले पाह्यजे बे."

दर वैशाखात, हंगामाच्या आधी, भाऊ सुटीवर यायचा. संघात कोण राहिलं, कोण गेलं, कोणाचं वजन वाढलं हे तो सांगायचा आणि मी आणे धरायचो. नियम मी पहिल्याच वर्षी घालून दिला होता. अकरा जागांचे अकरा आणे. राखीव खेळाडूंचे दोन. शिकवणाऱ्या उस्तादाचा एक. उरलेले दोन त्यांच्या आपसातल्या मेळाचे, हे बाने घालायला लावले. आणि आणा जागेला द्यायचा, माणसाला नाही, म्हणजे ओळखीपाळखीने आकडा फुगणार नाही.

डाव्या बाजूला दर वर्षी पुरा आणा पडायचा. त्यावर बाने कधी हरकत घेतली नाही.

"तुमची नजरअंदाज म्हंजे धुऱ्यावरून वावर पाह्यणं," शेजारचे शिंपीकाका मला चिडवायचे. "आत पाय नाई टाकला अन् म्हणे नऊ आणे!"

"मंग तुम्ही जा मुंबईले, आत पाय टाकून या," बा म्हणायचा.

काकांचं खोटं नव्हतं. आम्ही खरंच धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून पाहावं तसं, पाहत होतो. कचेरीत वर्तमानपत्र एक दिवस उशिरा यायचं, त्यातल्या खालच्या कोपऱ्यातल्या चार ओळींवर आमचा सगळा पावसाळा जायचा. तरी एका वर्षी मी नऊ आणे सांगितले आणि संघ मधोमध राहिला. पुढच्या वर्षी अकरा सांगितले आणि ते जरा जास्तच झाले.

त्या वैशाखात भाऊ आला तेव्हा मी त्याला आणायला थांब्यावर गेलो होतो. एरवी गाडी पुरती थांबायच्या आत तो उडी टाकायचा आणि कंडक्टरच्या शिव्या खायचा. या वेळी सगळे उतरेपर्यंत तो आत बसून राहिला. मग दांडीला धरून उतरला, आधी उजवा पाय, मग डावा.

"गाडीत पाय आखडला," तो म्हणाला. मी पेटी घेतली.

घरी जेवायला बसताना त्याने मांडी घातली नाही. डावा पाय लांब सोडला. माझी बायको म्हणाली, "भाऊजी, मुंबईले टेबलावर जेवता काय आता?"

"हाव वहिनी. साहेब झालो ना."

 दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात बाने भावाला सांगितलं, "जाय, खालून बादली घेऊन ये." आमची विहीर उताराला आहे. बा बैल विकत घ्यायला जायचा तेव्हा त्याला उतारावरून चालवून पाहायचा; चढावर खोड लपते, उतारावर लपत नाही, असं त्याचं म्हणणं. भाऊ उतरू लागला आणि बा हातातलं खुरपं तसंच धरून पाहत राहिला. मी त्या दोघांना पाहत होतो. भाऊ बादली घेऊन वर आला तोवर बाने खाली मान घालून निंदायला सुरुवात केली होती.

संध्याकाळी अंगणात बाजेवर बा आणि शिंपीकाका बसले. भाऊ ओट्याला टेकून, पाय लांब करून. माझी बायको दारात ज्वारी पाखडत होती.

"चाल बे, काढ तुही नजरअंदाज," बा मला म्हणाला.

"काय हो कारकून," काका म्हणाले, "यंदा गिरणीले सारा माफ करता का वसूल करता?"

भाऊ एकेक जागा सांगत गेला. गोलकीपर तोच, उंच, यंदा लग्न झालेला, पुरा आणा. उजवा बॅक जाडावला, पाऊण. मधला टकल्या अजून पळतो, आणा. पुढचे पाचही चांगले. उस्ताद गेल्या साली नवा आला होता, हैदराबादचा, फार शुद्ध बोलणारा, त्यालाही आणा. राखीवांचे दोन, मेळाचे पावणेदोन.

"अन् यंदा एक नवा पोरगा आला हाये," भाऊ म्हणाला. "उस्तादच्याच गावचा. दोन्ही पायानं मारते. हवेतला चेंडू छातीवर असा घेते, जसं लेकरू घ्यावं."

"वा!" काका मांडीवर थाप मारून म्हणाले. "मंग तं सोळा आणे!"

"सोळा आणे, काका. यंदा कप आमचा."

"खेळते कुठी थो?" बाने विचारलं.

भाऊ जमिनीवरची एक काडी उचलून मोडू लागला. "डाव्या बाजूनं."

सुपाचा आवाज थांबला. आमच्याकडे बैल जुवाखाली एका बाजूचा सवयीचा असतो. डाव्या अंगाला चालणारा उजव्या अंगाला नीट चालत नाही. बाजारात कितीही देखणा असला तरी घरी डावा असताना दुसरा डावा कोणी घेत नाही. काकांनाही ते कळलं. त्यांनी मांडीवरचा हात काढून घेतला.

"दोन डाव्याची जोडी नाई होत," बा म्हणाला.

"नाई होत," भाऊ म्हणाला.

माझ्या आकड्यात एवढी एकच जागा राहिली होती. तिचा आणा मी धरेना. मला आकडा माहीत नव्हता असं नाही.

"धर ना भाऊ," तोच म्हणाला. "डाव्या बाजूले पुरा आणा."

"कोणाचा?" मी विचारलं. असं विचारणं बरं नव्हतं, पण मला ते जाणून घ्यायचं होतं.

"तूच तं सांगतलं होतं. आणा जागेचा असते, माणसाचा नसते."

बेरीज साडेपंधरा झाली. एवढा आकडा कधीच आला नव्हता.  काकांनी पान लावायला घेतलं आणि भाव काय चाललाय वांग्याचा, असं विचारलं.

भाऊ गेला. पाऊस लागला, सामने सुरू झाले. मी शनिवारी घरी गेलो की बा आधी दोन प्रश्न विचारायचा.

"जितले?"

"जितले."

"खेळला?"

"नाही, बा. नाव नव्हतं."

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. वर्तमानपत्राच्या त्या कोपऱ्यात डाव्या बॅकच्या जागी नवं नाव असायचं आणि त्याची तारीफ असायची. एकदा मी बाला सांगितलं की सराव करून बघतील, हंगाम लांब आहे. बा म्हणाला, "तू कचेरीत असं बोलते काय? कणीस दिसत नाई अन् म्हणते भरन?" त्यानंतर त्याने दुसरा प्रश्न विचारणं सोडलं. पहिला मात्र सोडला नाही. जिंकले असं ऐकलं की तो मान हलवायचा, आणि ती मान खोटी नव्हती. त्याला खरंच आनंद व्हायचा, हे मला तेव्हा सोसायला जड गेलं.

कप त्यांनीच जिंकला. कचेरीत सगळ्यांना माझं हे वेड ठाऊक होतं. सोबतच्या कारकुनांनी पेढे आणले. "आयुष्यात एकदा तुमची नजरअंदाज अन् अंतिम जुळली हो," एक जण म्हणाला. ते खरं होतं. इतक्या वर्षांत शेताचा काय आणि संघाचा काय, माझा पहिला आकडा शेवटच्या आकड्याला इतका नेमका कधी लागला नव्हता. मी पेढा खाल्ला.

दिवाळीनंतर भाऊ आला, पेटी आणि वळकटी दोन्ही घेऊन. आधी बूट परत घेतले, मग खात्यातून नाव कमी केलं, असं त्याने सांगितलं. गुडघा आता सकाळीही सुजलेला राहत होता.

"वैशाखात इतका नव्हता," मी म्हणालो.

"नव्हता. मंग मीच पळलो त्याच्यावर." तो हसला. "भाऊ, गंमत सांगू? पावसाच्या सुरुवातीले उस्ताद अन् गिरणीचा साहेब मैदानात उभे होते. मी जवळच बूट बांधून राह्यलो होतो. उस्ताद माह्याकडं बोट करून म्हणे, इनको इस साल नजरअंदाज कर दीजिए. मले वाटलं, माही आणेवारी काढून राह्यले. म्हटलं, पाह्यतील आता, नीट पाह्यतील. मंग काय बे! रोज सगळ्याइच्या आधी मैदानात. गुडघा बांधून पळलो, चढ-उतारावर पळलो. म्हटलं, नजरअंदाजात कमी नाई पडलो पाह्यजे. टकल्यानं विचारलं, काऊन मरून राह्यला तू? मी म्हटलं, उस्ताद मले पाहून राह्यला. तवा त्यानं सांगतलं त्याचा अर्थ."

"काय अर्थ?" बाने विचारलं.

"ज्याच्याकडं पाह्यचंच नाई, थो नजरअंदाज."

माझ्या कचेरीत त्या शब्दाचा अर्थ डोळे उघडे ठेवून पाहणं असा होता. घरात तो शब्द मीच आणला होता. भाऊ तो विनोद म्हणून सांगत होता आणि कोणीतरी हसावं म्हणून आमच्याकडे बघत होता. शेवटी माझी बायको हसली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली. बा बाजेवरून उठला. जाताना त्याने भावाच्या डाव्या गुडघ्यावर तळहात ठेवला, गरम आहे का बघावं तसा, आणि मळ्यात निघून गेला.

भाऊ मळ्यातच राहिला. बसून होईल तेवढं काम करायचा. वांगी तोडताना पाय लांब सोडून वाफ्याच्या कडेने सरकत जायचा. गावात कोणी फुटबॉलचं विचारलं तर सांगायचा, लपवायचा नाही.

पुन्हा वैशाख आला. त्या वेळी बातमी सांगायला मुंबईहून कोणी येणार नव्हतं. मी शनिवारी घरी आलो, जेवणं झाली, अंगणात बाज पडली. काका आले आणि सुपारी कातरत बसले. आणेवारीचं नाव कोणी काढलं नाही. मी ठरवलंच होतं की यंदा आणि यापुढे काढायचं नाही.

"यंदा किती आणे?" बा म्हणाला.

मी भावाकडे बघितलं. काका घाईघाईने म्हणाले, "राहू द्या ना आता. धुऱ्यावरून काय दिसते?"

"मी धुऱ्यावरून नाई पाह्यलं काका," भाऊ म्हणाला. "गेल्या साली बाकावर बसून पाह्यलं. अख्खा पावसाळा. इतकं जवळून तं खेळताना बी नव्हतं दिसलं."

मग त्याने एकेक जागा सांगितली. गोलकीपर, उजवा बॅक, टकल्या. त्याच्या आवाजात कमी-जास्त काही नव्हतं. मी आणे धरत गेलो. डावी बाजू त्याने मागे ठेवली नाही, तिच्या क्रमानेच घेतली.

"डाव्या बाजूले पुरा आणा," तो म्हणाला. "आण्याच्या वर देता आलं असतं तं वरच दिलं असतं."

बाने मान हलवली. मी आणा धरला.