टॅलमेज काउंटी, इयत्ता तिसरी

माझ्या बायकोला, सुमित्राला, दोनच गोष्टींचा राग येतो. एक म्हणजे ऐनवेळी खडू संपणं आणि दुसरी म्हणजे 'बघू' म्हणणारा माणूस. मी दिवसातून दहा वेळा 'बघू' म्हणतो आणि तरी आमचा संसार चाललाय, हा तिचा मोठेपणा.

२००३च्या जूनमध्ये आम्ही अलाबामातल्या टॅलमेज काउंटीत आलो. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, पण माणसं एखाद्या मोठ्या गावाएवढी. तिथे डॉक्टर टिकत नाहीत, म्हणून माझ्यासारख्या परदेशी डॉक्टरला तीन वर्षांच्या करारावर घेतात. सुमित्राने त्याआधी चौदा वर्षं बाळापूरजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीचा वर्ग सांभाळला होता. माझ्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती. तिने दोन वर्षांची बिनपगारी रजा टाकली आणि मला बजावलं, "अहो, तिथे मला वर्ग मिळाला तर राहीन. पगार नको मला. नाही मिळाला तर रजा संपली की मी परत. तुम्ही या मागून सावकाश." ती बोलते तसंच करते. 

पहिल्याच आठवड्यात ती गावातल्या शाळेत गेली आणि तिने या काउंटीचं तिसरीचं पुस्तक मागितलं. आपल्याकडे तिसरीच्या मुलाला स्वतःच्या जिल्ह्याचा भूगोल असतो. त्यात सीमा, नद्या, माती, पिकं, प्रेक्षणीय स्थळं आणि शेवटी स्वाध्याय. हे जगभर असंच असणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मुख्याध्यापिका बिचाऱ्या भल्या बाई. त्यांनी बराच विचार केला आणि तिच्या हातात काउंटीची टेलिफोन डिरेक्टरी ठेवली.

घरी येऊन तिने ती डिरेक्टरी पहिल्या पानापासून चाळली. मग म्हणाली, "पोरांना स्वतःचा जिल्हा माहीत नाही. कुणीतरी लिहायला हवं."

कुणीतरी म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

माहिती गोळा करायला तिला माझ्या दवाखान्यातली बाकं सापडली. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या म्हाताऱ्याला ती ओढ्यांची नावं विचारायची. गुडघे दुखणाऱ्या आजीबाई आत येईपर्यंत पिकांच्या पाळ्या सांगून मोकळ्या झालेल्या असायच्या. लोक आजारी नसतानाही येऊ लागले. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या ओडेसाबाई तर दर शनिवारी मक्याचा ब्रेड घेऊन यायच्या आणि कुठलं शेत पूर्वी कुणाचं होतं, ते सांगत बसायच्या. सुमित्राचं इंग्रजी मोजकं होतं, पण प्रश्न विचारायला तेवढं पुरत होतं.

साध्यासोप्या इंग्रजीतलं पुस्तक बत्तीस पानांचं झालं. दक्षिणेला काळी माती, उत्तरेला लाल माती आणि पाइनची जंगलं. पूर्वी मुख्य पीक कापूस. पुढे बोंडांना कीड लागली, कापसाच्या शेतांची कुरणं झाली, आणि आता त्या कुरणांत तळी खणून मासे वाढवतात, कारण काळ्या मातीत पाणी मुरत नाही. शिवणकामाचा कारखाना बंद पडला, म्हणून माणसं तासभर गाडी चालवून कामाला जातात. प्रेक्षणीय स्थळांत तिने कोर्टाची इमारत, लाकडी पूल आणि रविवारी जेवण मिळतं म्हणून ओडेसाबाईंचं चर्च घातलं होतं.

पुस्तक आणि ते बिनपगारी शिकवण्याचा तिचा अर्ज शाळेचा कारभार पाहणाऱ्या बोर्डापुढे गेला. बोर्डाचे अध्यक्ष वेस्ली पर्विस हे सत्तरीचे लाकडाचे व्यापारी आणि माझे ब्लड प्रेशरचे पेशंट. त्यांना पुस्तक फार आवडलं, फक्त सहाव्या पानावरची एक ओळ सोडून. 'इथला कापूस गुलाम वेचत. त्यांना मजुरी मिळत नसे.'

दंडाला पट्टा बांधलेला असतानाच ते म्हणाले, "डॉक्टर, मुलं लहान आहेत हो. तेवढी ओळ काढा. मग दर मंगळवारचा तास मिसेस काळमेघांचा."

मी घरी येऊन शब्द टाकला. "अगं, एका ओळीने काय होतंय? अडला हरी, गाढवाचे पाय धरी."

"तुम्ही धरा," ती म्हणाली. "ती ओळ काढली तर पोरांना वाटेल कापूस आपोआप वेचला गेला." मग आवाज खाली आला. "वर्ग मला हवाच आहे हो. झोपेतसुद्धा हजेरी घेते मी. पण हे नाही जमायचं." आणि तिने माळ्यावरच्या बॅगा काढायला सांगितल्या. एप्रिल २००५ चालू होता. रजेचे दोन महिने उरले होते. मी बॅगा काढल्या नाहीत. म्हटलं, बघू.

बोर्डाची सभा शाळेच्या जेवणघरात भरली. पाच सभासद होते आणि तीसेक गावकरी. चर्चा सुरू होणार, तोच सुमित्रा उठली आणि तिने सगळ्यांना एकेक कागद वाटला. धडा सोडवल्याशिवाय त्यावर कुणी बोलायचं नाही, हा तिच्या वर्गाचा नियम.

"स्वाध्याय आहे," ती म्हणाली. "दहा प्रश्न, पंधरा मिनिटं."

मला वाटलं, आता बोर्ड आम्हा दोघांना हाकलून देणार. पण माणसांनी मुकाट्याने खिशातली पेनं काढली. सुमित्रा हात मागे बांधून खुर्च्यांमधून फिरू लागली. "मिस्टर पर्विस, शेजारच्याच्या कागदात बघायचं नाही." जेवणघर हसलं आणि पर्विस कानापर्यंत लाल झाले. सत्तर वर्षं इथे काढलेल्या माणसाला पूर्वेची काउंटी आठवत नव्हती.

तिने कागद गोळा करून लाल पेनाने तिथेच तपासले. कॉफी मांडायला आलेल्या ओडेसाबाईंनीही स्वाध्याय सोडवला होता. त्यांना दहापैकी दहा मिळाले. आठवा प्रश्न होता, 'पूर्वी इथला कापूस कोण वेचत असे?' सुमित्राने त्यांचं उत्तर मोठ्याने वाचलं. "माझी पणजी लुसिंडा. पर्विसांच्या शेतात."



सुमित्राने पर्विसांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. आठव्या प्रश्नाची जागा कोरी होती. "उत्तर येत नाही का?" तिने विचारलं. वर्गातल्या एखाद्या पोराला विचारावं तितक्या मऊपणाने.

"येतं," ते म्हणाले.

"मग लिहा."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग लिहिलं आणि कागद तिच्याकडे न देता टेबलापलीकडे ओडेसाबाईंपुढे सरकवला. कागदावर एवढंच होतं, 'लुसिंडा.' ओडेसाबाईंनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"ओळ राहू दे," पर्विस म्हणाले. पाचही हात वर झाले.

परतताना सुमित्रा खिडकीबाहेर बघत बसली होती. लाकडी पूल ओलांडल्यावर म्हणाली, "अहो, जिल्हा परिषदेला राजीनाम्याचा अर्ज मराठीतच लिहावा लागेल ना?" मी हो म्हणालो आणि गाडी कडेला घेतली. एवढा मोठा डॉक्टर मी, पण मला रडू आवरेना.