मावशींचा बीकन

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मावशींच्या दुकानात, बॉबिनच्या डब्यांमागे, एक छोटा बीकन होता. रेडिओचं ते यंत्र दर दहा मिनिटांनी मोर्समध्ये त्यांची ओळखखूण पाठवायचं, बस्स. दूरदूरच्या हौशी रेडिओवाल्यांच्या कानावर ती पडली की त्यांना कळायचं, आज लहरी आपल्यापर्यंत पोचताहेत. सकाळी शटर उघडलं की मावशी बीकन हाताने सुरू करायच्या आणि घरी निघताना बंद. चौदा वर्षं हा नेम.

एका सोमवारी रेडिओ परवान्यांचा तपासनीस आला आणि त्याने बीकनला सील ठोकलं. रेडिओ क्लबच्या सेक्रेटरीची लेखी तक्रार होती: बीकनपाशी माणूस नसतो, ते आपोआप चालतं, परवान्यात तशी मुभा नाही. मावशी समोरच बसलेल्या, हातात स्क्रूड्रायव्हर. त्यांनाच त्याने विचारलं, मालक कधी येतील. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून, बीकन चालू-बंद केल्याच्या वेळांची नोंदवही बगलेत मारून त्या त्याच्या ऑफिसात थडकल्या. तो म्हणाला, यंत्र आपलं आपण सिग्नल देतं, म्हणजे ऑटोमॅटिकच झालं.

“मोटार लावलेलं मशीन आपलं आपण टाके घालतं, म्हणून शिवणारी बाई तिथे नसते का?” मावशी म्हणाल्या. “बीकन म्हणतात ते काय पाठवतो त्यावरून. ऑटोमॅटिक म्हणतात ते चालवायला माणूस हजर नसतो म्हणून. बिनमाणसाचा बीकनही असतो, पण माझा तसा नाही. तिथे मी असते. तुम्ही सील ठोकलंत तेव्हाही होते.”

तपासनिसाने नियमावली काढून दोनदा वाचली. त्याचे कान लाल झाले. संध्याकाळी स्वतः येऊन त्याने सील काढलं.

मावशींचा राग काही उतरला नाही. रविवारी क्लबात सेक्रेटरी हसत सामोरा आला. गैरसमज झाला, सोडून द्या म्हणाला. आलेला सिग्नल पुढे पाठवणारा टेकडीवरचा क्लबचा रिपीटर खरोखरच कुणी नसताना चालायचा, आणि त्याची परवानगी यानेच काढली होती. म्हणजे फरक त्याला पक्का ठाऊक होता. मावशींनी क्लबच्या निवडणुकीत त्याला मत दिलं नव्हतं, एवढंच काय ते दुखणं.

“तक्रार लेखी केलीत,” मावशी म्हणाल्या, “मग माफी तोंडी कशी?”

चारचौघांत त्याला कागद घ्यावा लागला. त्याने ‘गैरसमज’ लिहिलं. मावशींनी कागद परत सरकवला. मग ‘खोटी तक्रार’ लिहून त्याने सही केली. तो कागद क्लबच्या सूचनाफलकावर लावून टाचणी मावशींनीच खुपसली. अध्यक्ष चहाला थांबा म्हणाले, पण त्या थांबल्या नाहीत.