बरणीबाहेरचं मीठ

माझ्या काकीला १९६१ च्या श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, तालुक्याच्या दवाखान्यात भरल्या रांगेसमोर खोटारडी ठरवलं गेलं. ती खोटं बोलली नव्हती. दसऱ्याआधी ती मेली. देवाघरी गेली वगैरे मी लिहिणार नाही. तिला पाठवलं गेलं.

तिचं हृदय लहानपणीच बिघडलं होतं. माहेरी असताना घसा धरून ताप आला, मग गुडघे-घोटे सुजले. अंथरुणातून पोरगी उठली तशी सगळे ते दुखणं विसरले. त्या तापाने हृदयाची झडप आखडून ठेवली होती, हे तिशीला आल्यावर कळलं. विहिरीवरून कळशी आणताना ती वाटेत बसायची. आडवी झाली की घुसमटायची, म्हणून भिंतीला टेकूनच झोपायची. काका मुंबईला गोदीत. घरात ती, माझी आई आणि मॅट्रिकचा अभ्यास करणारा मी.

आषाढात पावलं सुजली तेव्हा तिला होडीने खाडीपार आणि पुढे एस.टी.ने दवाखान्यात नेलं. डॉक्टर घाटावरचे. त्यांनी नळी लावून ऐकलं आणि दोन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या. एक हृदयाला जोर देणारी, दुसरी अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारी. "आणि मीठ बंद. अजिबात." एवढं बोलून त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

गोळ्या चांगल्या होत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे माणूस दगावलं की गोळीवर खापर फोडायची सवय आहे. थोड्याच दिवसांत सूज उतरली, घोट्याची हाडं दिसायला लागली.

आईने मिठाची बरणी उचलून माळ्यावर ठेवली. काकीचा भात अळणी, पेज अळणी. दोन घास खाऊन काकी ताट सारायची.

"वयनी, ह्यो भात माझ्याशी बोलाक तयार नाय गो."

"नको बोलांदे. रित्या पोटार गोळी घेवची नाय. जेव."

पण अन्न जाईना. पावसाळ्यात मासेमारीच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, ताजी मासळी कुठून आणणार? मग आईने वैशाखात काकीनेच मडक्यात भरून ठेवलेला बांगडा काढला, निखाऱ्यावर भाजला, पेजेबरोबर तुकडा दिला. भातावर कोकमाच्या आगळाची कढी. तोंडाला चव आली. काकी पोटभर जेवू लागली, आणि आईला वाटलं, सुटलो.

पावलं पुन्हा सुजली. मग पोटऱ्या. श्रावणात दुसरी खेप.

डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला.

"मीठ खातेस."

"नाय ओ. मिया खावक नाय."

"ही सूज खोटं बोलते का? मग तूच बोलतेस."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. काकीला धाप लागली होती, तरी ती म्हणाली, "बरणी माळ्यार आसा. ह्येका विचारा."

मी शाळेतल्या मराठीत सांगितलं, "खरंच साहेब, तिच्या जेवणात मीठ घालतच नाही."

"म्हणजे सगळं घरच खोटारडं! पथ्य पाळायचं नसेल तर सरकारी गोळ्या वाया घालवायला येऊ नका."

गोळ्या दिल्या, पण अशा, की जणू भीक घातली. परतताना होडीत काकीने पदराने तोंड पुसलं आणि मला विचारलं, "सुजलंय तर जरा गोरी तरी दिसतंय मां रे?" मग खाडीकडे बघत म्हणाली, "त्या दारात मी परत जावचंय नाय."

गोळ्या संपल्या. आईने हात जोडले, मी ओरडलो. ती गेली नाही. भाद्रपदात एका सकाळी भिंतीला टेकून बसली असताना श्वास घशातच अडकला. ओठांवर गुलाबी फेस आला. पेजेची वाटी पुढ्यात, काठावर बांगड्याचा तुकडा.

पुढल्या वैशाखात आई अंगणात पावसाळ्याची बेगमी करत होती. मडक्यात बांगड्यांचा एक थर, त्यावर मिठागरातलं खडे मीठ मुठीमुठीने, पुन्हा बांगडे, पुन्हा मीठ. गेल्या वर्षी हेच काम काकीने केलं होतं.

"आये, थांब," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मुठीकडे. मूठ उघडेना.

"ह्यां मीच घातलंय रे तिका."

नाही. तेव्हा सांगितलं, आज छापून सांगतो. आमच्या घरात मीठ म्हणजे बरणीतलं मीठ. बांगडा हा बांगडा, आगळ हे आगळ, तेही मीठ घालूनच टिकवलेलं असलं तरी. पिढ्यान्‌पिढ्या असंच. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं आईने केलं. ज्याला हृदयाची भाषा येत होती, त्याने आमच्या ताटात काय असतं ते विचारलं नाही. आणि सूज उतरेना तेव्हा औषधाचा नाही, स्वतःचा नाही, बाईचाच संशय घेतला.

आईने ते मडकं त्या वर्षी भरलं नाही.

तेव्हा वाचणाऱ्या, तुझ्या घरात सुजल्या पायाचं माणूस असेल तर खारा बांगडा, आगळाची बाटली, खारातली कैरी पिशवीत घाल आणि डॉक्टरच्या टेबलावर नेऊन ठेव. आणि तू डॉक्टर असशील तर 'मीठ बंद' म्हणण्याआधी विचार, "काल काय जेवलंस गो?" तिचं उत्तर पुरं होईपर्यंत पुढच्या रोग्याला हाक मारू नकोस.